अंतर कुणी ठेवायचं?

मी गोदीत गोण्या वाहतो. गाव कर्जत, लोकलवालं नव्हे, नगरचं. मार्च 2020 ला शाळेच्या मैदानाला कुलूप लागलं. नियमाशी भांडण नाही, मास्क मीही बांधला. पण एप्रिल 2021 ला राज्यात कडक निर्बंध असताना वानखेडेवर आयपीएल झालीच! पैशाला बायो-बबल, आमच्या पोरांना कुलूप.

अंगाला अंग भिडल्याशिवाय कबड्डी होते काय? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमचा स्पर्श टाळला, तेच आम्हाला ‘अंतर ठेवा’ शिकवणार? स्पर्धा नाही तर प्रमाणपत्र नाही; अन् सरकारी नोकरीतला खेळाडूंचा 5 टक्के कोटा प्रमाणपत्रच मागतो. एकोणीसच्या आतला पोरगा विशीला लागला, त्याची शालेय स्पर्धा संपली. ते वर्ष कोण भरून देणार?

पुढल्या साथीत पहिलं कुलूप पैशाच्या मैदानाला लावा!