न दिलेला पत्ता



गेल्या दिवाळीच्या तोंडावर घाटकोपरचे एक स्नेही चिंतातुर होऊन घरी आले. भांड्यांचा तीन पिढ्यांचा व्यापार. चिरंजीवांनी नव्या मालाची माहिती ईमेलने सर्वांना धाडली. परंतु वीस-वीस वर्षांच्या ग्राहकांनाही ती ‘स्पॅम’मध्ये सापडली. अधिक विचारता कळले, की चिरंजीवांनी काही हजार पत्त्यांची यादी कुणाकडून विकत घेतली होती.

बँकेत कर्जदाराची पत पाहतात, तशीच जीमेल, याहू या सेवा पत्र पाठवणाऱ्या डोमेनची पत पाहतात. अनोळखी माणसे ‘स्पॅम’चे बटण दाबतात, बंद पत्त्यांवरील पत्रे परत येतात आणि पत घसरते. मग ओळखीच्या ग्राहकाचे पत्रही अडते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक पत्रांचे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० पत्रे पाठवणाऱ्यास तीन नोंदी अनिवार्य आहेत. ‘एसपीएफ’ म्हणजे डोमेनच्या नावाने पत्र पाठवण्यास अधिकृत असलेल्या सर्व्हरांची यादी, ‘डीकेआयएम’ म्हणजे प्रत्येक पत्रावरील पडताळता येणारी सही, आणि ‘डीमार्क’ म्हणजे पडताळणी फसल्यास काय करावे याची सूचना. शिवाय एका क्लिकमध्ये नाव वगळण्याची सोय हवी व दोन दिवसांत तिचा अंमल व्हावा. तक्रारी हजारात तीनपर्यंत पोहोचू नयेत. एकाहून कमी असल्यास उत्तम. लहान व्यापाऱ्यानेही हे पाळणे हिताचे.

तांत्रिक नोंदी कुणी जाणकार करून देईल. यादीची शुद्धी मात्र आपल्यालाच करावी लागते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘तदाहृतादान’ सांगितले आहे, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. ज्याने आपला पत्ता आपल्याला दिलाच नाही, त्याचा पत्ता तिसऱ्याकडून विकत घेणे याहून फार वेगळे आहे काय? जिनसांच्या बाबतीत आपण असा माल दुकानात येऊ देत नाही.

स्नेह्यांना मी विकतची यादी पुसून टाकण्यास सांगितले. ज्यांनी स्वतः पत्ता दिला त्यांनाच लिहावे. त्यांतही नियमित पत्र वाचणाऱ्यांपासून आरंभ करून हळूहळू संख्या वाढवावी. वर्षभर पत्र न उघडणाऱ्यास एकदा विचारावे. उत्तर न आल्यास नाव गाळावे. मथळा खरा असावा.

हजारांची यादी काही शेकड्यांवर आली, तेव्हा चिरंजीव हिरमुसले. आजोबा शांतपणे म्हणाले, “आपली खातेवही एवढीच होती रे. बाकीची नावे आपली कधी नव्हतीच.”