जिंजीच्या वाटेवर

दावणगेरे मागे पडलं की पुणे-बेंगळुरू महामार्ग सोडायचा आणि चन्नगिरीच्या दिशेने आत वळायचं. दोन्ही अंगांना सुपारीच्या बागा लागतात. त्या संपता संपता होदिगेरे नावाचं गाव येतं. शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला तो याच भागात, २३ जानेवारी १६६४ रोजी. त्यांची समाधी या गावात आहे. साधी, दगडी, उघड्या आभाळाखाली. आम्ही पोचलो तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. वर्गातल्या एका काकांनी घरून आणलेला झेंडूचा हार घातला आणि सगळे आपापले उभे राहिले. महामार्गावरून महाराष्ट्राच्या नंबरपाट्यांच्या कितीतरी गाड्या दक्षिणेकडे धावत असतात. त्यांतल्या थोड्या जरी इकडे वळल्या तरी फार बरं वाटेल.

आमचा वर्ग मोडी लिपीचा. शनिवारी संध्याकाळी भरणारा, सगळ्या वयांचा. निवृत्त तलाठी आहेत, बँकेत नोकरी करणारी एकजण आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे. डिसेंबरात जिंजी आणि तंजावरला जायचं ठरलं तेव्हा घरच्यांनाही घेऊ या, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. माझ्याबरोबर नवरा, लेक आणि सासूबाई. टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या बाकावर धपाटे, दाण्याची चटणी आणि ब्लँकेटांचा ढीग. विमानाने चेन्नई गाठून पुढे टॅक्सी करणं सोपं होतं. पण ही वाट रस्त्यानेच करायची यावर आम्ही ठाम होतो, आणि त्याचं कारण राजाराम महाराज.

शाळेत आपण शिकतो की संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले. एका ओळीत हे होऊन जातं. आजच्या चांगल्या रस्त्यानेही पन्हाळ्यापासून जिंजी आठशेहून जास्त किलोमीटर आहे. निपाणी, बेळगाव, हुबळी, हावेरी, चित्रदुर्गाच्या पवनचक्क्या, तुमकुरू, बेंगळुरू, मग कृष्णगिरी आणि तिरुवन्नामलै. गाडीत बसूनही पाठ धरते. १६८९च्या सप्टेंबरात पन्हाळ्याहून निघालेली ती माणसं लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात होती, आणि मागे मोगल फौज. बिदनूरच्या राणी चेन्नम्माने त्यांना आसरा दिला, पुढे वाट करून दिली, आणि त्यापायी औरंगजेबाचं सैन्य स्वतःच्या राज्यावर ओढवून घेतलं. बेंगळुरूजवळ ओळख पटायची वेळ आली तेव्हा खंडो बल्लाळ आणि आणखी काहीजण मागे थांबले, पकडले गेले, हाल सोसले आणि तोंड उघडलं नाही, असं बखरी सांगतात. केशव पंडितांनी या प्रवासावर संस्कृत काव्य लिहिलं आहे.

तुमकुरूच्या अलीकडे लेकीने विचारलं, "आई, महाराज तेव्हा केवढे होते गं?"

"एकोणीस वर्षांचे."

गाडीतलं बोलणं एकदम थांबलं. आमच्या वर्गातला तो बी.ए.चा मुलगा एकोणीसचाच. सासूबाईंनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातात आणखी एक धपाटा ठेवला. "एवढंसं पोर," त्या म्हणाल्या. थोरला भाऊ मारला गेलेला, राजधानीला वेढा, भावजय आणि पुतण्या वेढ्यात, आणि या वयाच्या मुलाने दोन-तीन भाषांचे मुलूख ओलांडून राज्य चालू ठेवायचं. तारखा मला पाठ होत्या. पण त्या वयाचा मुलगा शेजारच्या बाकावर बसलेला असताना त्या निराळ्याच कळल्या.

तिरुवन्नामलै सोडल्यावर भाताची खाचरं सुरू होतात. हिवाळ्यातला त्या मुलखाचा हिरवा रंग आपल्याकडच्या श्रावणासारखा. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, त्यामुळे तळी काठोकाठ भरलेली असतात. मार्गळी महिना लागलेला होता. पहाटे प्रत्येक दारात बाई वाकून कोलम काढत होती आणि कोलमच्या मधोमध शेणाच्या गोळीत भोपळ्याचं पिवळं फूल खोचत होती. देवळांतून तिरुप्पावैचे सूर. सासूबाई प्रत्येक गावात गाडी हळू घ्यायला लावत होत्या.

मग अचानक दगडांच्या टेकड्या. जिंजीचा किल्ला एका डोंगराचा नाही. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या लांबच लांब तटाने एकमेकींना जोडल्या आहेत, मधे सपाटीवर कल्याण महाल, धान्याची कोठारं, तलाव. शिवाजी महाराजांनी १६७७मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत हा किल्ला घेतला आणि त्याची तटबंदी नीट करवली. बारा वर्षांनी तोच धाकट्या मुलाच्या उपयोगी पडला. नोव्हेंबर १६८९मध्ये राजाराम महाराज इथे पोचले आणि पुढची काही वर्षं मराठी राज्याची राजधानी तमिळ मुलखात होती. मोगल सरदार झुल्फिकारखानाने १६९०पासून वेढा घातला. किल्ला पडला तो १६९८च्या सुरुवातीला, आणि तोवर महाराज निसटलेले होते.

राजगिरी सुमारे आठशे फूट उंच. पायऱ्या उंच आणि ऊन डिसेंबरातही कडक, म्हणून सकाळीच चढावं. माथ्याजवळ कडा तुटलेला आहे, त्यावरच्या छोट्या पुलावरून बालेकिल्ल्यात जावं लागतं. पूल काढून घेतला की संपलं. वेढा इतका का लांबला, ते तिथे उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही. सासूबाई खाली कल्याण महालाच्या सावलीत थांबल्या होत्या, तलाठीकाका मात्र गुडघ्यांची तमा न करता वर आले. वर आल्यावर ते म्हणाले, "सभासदाने बखर लिहिली ती इथे."

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांचं चरित्र जिंजीत लिहिलं, १६९७च्या सुमारास. महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने लिहिलेली बखर म्हणून तिचं मोल आपण जाणतो. अफझलखान, आग्रा, राज्याभिषेक हे सारं ज्या पानांवरून आपल्यापर्यंत आलं, ती पानं सह्याद्रीपासून इतक्या लांब, वेढा पडलेल्या किल्ल्यात लिहिली गेली. राज्य राहील की जाईल हे ठाऊक नसताना धाकट्या मुलाला वडिलांची गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली. मला या सबंध प्रवासात याहून मोठं काही सापडलं नाही. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आहेत आणि बारावा जिंजी. आपल्या शाळांच्या सहली त्या अकरांवर जातात. बाराव्यावरही जायला हव्यात, निदान कॉलेजांच्या तरी.

तंजावरला आमच्या वर्गाचा खरा कस लागणार होता. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजीराजे यांनी तिथे राज्य उभं केलं, ते १८५५पर्यंत टिकलं. बृहदीश्वराचं देऊळ मात्र राजराज चोळाचं, १०१०मध्ये पूर्ण झालेलं. जोत्यावर चोळांचे तमिळ लेख, आणि आवाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास. तो बाळबोध लिपीत आहे. लेक बोट फिरवत मोठ्याने वाचू लागली तसे दर्शनाला आलेले लोक थांबले. एका तमिळ आजोबांनी विचारलं, काय लिहिलं आहे? बी.ए.च्या मुलाने इंग्रजीत, हातवारे करत, समजावलं. आजोबांनी उलट त्याला जोत्यावरचा तमिळ लेख दाखवला. अर्धा तास दोघं तिथेच.

राजवाड्याजवळ एक बाई भेटल्या, घरात मराठी बोलणाऱ्या. व्यंकोजीराजांच्या वेळी आलेलं घराणं, मूळ गाव आता कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता. सासूबाईंना पहिली दोन वाक्यं जड गेली, मग दोघी कुलधर्म, सोवळं आणि सुनांवर आल्या आणि आम्हाला बोलावणं पाठवावं लागलं.

सरस्वती महालात सरफोजीराजांनी जमवलेले ग्रंथ आहेत, ताडपत्रं आहेत, त्यांनी ठेवलेल्या, डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसहित नोंदी आहेत, आणि मोडी कागदांचे रुमाल. दरबाराचे हिशेब, देवळांची देणगी, नाटकशाळेचा खर्च. वाचणारी माणसं अजून पुष्कळ हवी आहेत. या कागदांत तमिळ गावं, पिकं, वतनदारांची नावं येतात, तेव्हा नुसती मोडी येऊन भागत नाही. जानेवारीत आमच्या त्या एकोणीस वर्षांच्या सोबत्याने पुण्यात तमिळच्या वर्गात नाव घातलं. परवा वहीत त्याने अ, आ, इ, ई काढून आणलं होतं, तलाठीकाका चष्मा पुसून ते बघत होते.