तळे नसलेली अळी

जलकीटकांच्या अळ्यांची जी अतिनिकट छायाचित्रे अलीकडे सर्वत्र वाखाणली जातात, त्यांत पाणी नसते. पार्श्वभूमी काळीकुळकुळीत, मधोमध चतुराची अळी, दोन्ही अंगांनी फ्लॅशचा उजेड आणि खाली 'तळ्यातला राक्षस' अशा धाटणीचा मथळा. चिखल, शेवाळ, कुजलेले पान, सगळे पुसलेले. उरला तो प्राणी, आणि तोही बहुधा ताटलीतला.

आमचा आक्षेप मॅक्रो लेन्सला नाही. चतुराची अळी आपला खालचा ओठ दुमडून चेहऱ्याखाली ठेवते आणि भक्ष्य टप्प्यात येताच पापणी लवण्याच्या आत तो पुढे फेकते. तिचे कल्ले शरीराच्या मागील टोकाशी, गुदाशयात असतात. तिथे ओढून घेतलेले पाणीच जोराने बाहेर सोडून ती पुढे झेपावते. टाचणीच्या अळीला शेपटीशी पानांसारखे तीन कल्ले असतात. हे सारे लेन्सने दाखवले, हे तिचे ऋणच. पण ओठ आहे तो गाळात दबा धरून बसणाऱ्या जिवाचा, आणि कल्ले आहेत ते पाण्यातल्या प्राणवायूसाठी. ज्या पाण्यामुळे या अवयवांना अर्थ आहे ते चौकटीबाहेर घालवायचे आणि उरलेल्याला राक्षस म्हणायचे, याला आम्ही सौंदर्यदृष्टी म्हणत नाही.

'चित्र स्वतःच बोलते, त्याला स्थळकाळाची पुरवणी कशाला?' असे यावर सांगितले जाते. रिद्धपूरच्या पंचक्रोशीत तरी हे कोणी म्हणू नये. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी याच गावी 'लीळाचरित्र' सिद्ध केले, ते आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांना गाठून, आणि सांगणाऱ्यांत फरक पडला तर तोही नोंदवून. पुढे याच पंथात 'स्थानपोथी' झाली: कोणते देऊळ, कोणत्या दिशेला, वास्तव्य कुठे. मराठी गद्याने पहिली पावले टाकली ती अशी पत्ता विचारत. आज त्याच गावी मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि त्याच तालुक्यातल्या अळीचे चित्र मात्र बेपत्ता.

ही केवळ वाङ्मयीन हौस नव्हे. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात भूजल खोल गेलेले आहे. नव्या शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते; त्यांत पाणी दिसते, पण अळीला लपायला गाळ आणि बाहेर यायला काडी बहुधा नसते. म्हणून कुठले पाणी, तळ कसला, महिना कोणता, एवढे तीन शब्द चित्राखाली असतील तर दहा वर्षांनी ते चित्र साक्ष देईल. नसतील तर ते भिंतीवर टांगायचे. पावसाळी डबके म्हणजे घाण, हा आपला समजही असाच पोसला जातो. पँटाला फ्लॅव्हेसेन्स या चतुराची अळी अशाच डबक्यात दीड-दोन महिन्यांत वाढते, आणि त्याचे थवे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातात असे अभ्यासक मानतात. डबके बुजवणाऱ्याला हे कोण सांगणार? काळा पडदा तर नक्कीच नाही.

आणखी एक, ज्याबद्दल या वर्तुळात कुजबुजच होते. अनेक छायाचित्रे एकावर एक रचून नखशिखांत स्पष्टता साधायची तर अळी हलता कामा नये. म्हणून काही जण तिला शीतकपाटात ठेवतात, काही स्पिरिटमध्ये बुडवतात. ज्ञानासाठी नमुना घेणारा अभ्यासक निदान त्यावर गाव आणि तारीख लिहितो. स्पर्धेतल्या बक्षिसासाठी जीव घेणाऱ्यापाशी तेवढेही समर्थन नाही, आणि चक्रधरांची अहिंसा सांगणाऱ्या पंथाच्या या भूमीत तर ते अधिकच लाजिरवाणे आहे.

बरे, उपाय हाताशी आहे. अळी चतुर होऊन उडाली की गवताच्या काडीवर तिची कात राहते: ओठ, पाय, डोळ्यांचे साचे, सगळे जसेच्या तसे. पुष्कळदा त्या कातीवरून जातही ओळखता येते. ती हलत नाही आणि मरतही नाही. भल्या सकाळी, वारा सुटण्यापूर्वी, काठावर गुडघे टेकावे लागतात इतकेच. आणि मग पाणी आपोआप चौकटीत येते.