गावाच्या धुराचा जमाखर्च

प्रतिवर्षी जून महिन्यात शाळाशाळांतून वृक्षारोपण होते, भाषणे होतात, आणि 'प्रदूषण कमी केले पाहिजे' या वाक्याला टाळ्याही पडतात. परंतु किती कमी, असे कोणी विचारले तर उत्तर मिळत नाही. कारण मुळात ते किती आहे हेच आपण मोजलेले नसते. कीर्द-खतावणी न ठेवता व्यापार करणाऱ्याला हुबळीच्या पेठेत कोणी शहाणा म्हणणार नाही. मग हुबळी-धारवाड या जोडशहराने आपल्या हरितगृह वायूंचा हिशेब का ठेवू नये?

हे काम मोठ्या शास्त्रज्ञांचे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः आरंभापुरते गणित सातवीच्या मुलालाही जमेल. एक लिटर पेट्रोल जाळले असता सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलो वजनाच्या पेट्रोलातून एवढा वायू निघावा कसा, असा प्रश्न आमच्या वर्गात निघाला होता. उत्तर रसायनशास्त्राच्या पुस्तकातच आहे. कर्बाचे १२ भाग हवेतील प्राणवायूच्या ३२ भागांशी संयोग पावतात आणि वजन ४४ भाग होते. याच न्यायाने स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या गॅस-टाकीतून ४२ किलोंच्या आसपास वायू निघतो. धारवाडहून हुबळीला स्कूटरने जाऊन येण्यास सुमारे ४० किलोमीटर पडतात, म्हणजे लिटरभर पेट्रोल. २०१८ साली सुरू झालेली चिगरी बसही डिझेलच जाळते. पण तो भार सगळ्या उतारूंत वाटला जातो.

विजेची गोष्ट मात्र फसवी आहे. दिवा आपल्या घरी लागतो, कोळसा रायचूर-बळ्ळारीकडे जळतो. देशाच्या सरासरीने एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम वायू धरावा लागतो. तो कोणाच्या खाती मांडावा? माझ्या मते, जो दिवा लावतो त्याच्या. २०२३ पासून गृहज्योती योजनेमुळे पुष्कळ घरी शून्य रुपयांचे बिल येते. योजना चांगलीच आहे. परंतु रुपये शून्य झाले म्हणून युनिटे शून्य होत नाहीत. ती त्याच कागदावर छापलेली असतात. वाचतो कोण?

हिशेब मांडला की समजुतींना धक्का बसतो. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०१९ सालचे उत्सर्जन २ कोटी ३४ लक्ष टनांच्या घरात दिले आहे. आपण दोष देतो मोटारींना. पण तेथे वाहतुकीचा वाटा सुमारे २० टक्केच निघाला. सात-दशांशांहून अधिक भाग इमारतींत व कारखान्यांत वापरलेल्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा होता. आपल्या गावचे प्रमाण निराळे असेल. म्हणूनच मुंबईचा आकडा उसना घेऊन भागणार नाही.

'भारतीय माणसाचा वाटा अमेरिकनाच्या मानाने अल्प आहे, मग आपण कशाला मोजावे?' असा आक्षेप घेतला जातो. पण तो अल्प आहे हे तरी कळले कशावरून? मोजूनच ना! वॉर्डवार हिशेब झाला, तर पायी शाळेत येणाऱ्या मुलाचे घर आणि दोन मोटारींचा बंगला यांतील अंतरही कागदावर येईल. आज उपदेश मात्र दोघांनाही सारखाच केला जातो, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

एकदाच मोजून उपयोग नाही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. ही वाढ जगाला पटली, ती त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींमुळे. पद्धत दरवर्षी बदलली तर आकडा हवा तसा खाली आणता येतो. तसा मोह महानगरपालिकेलाच नव्हे, शाळेलाही होईल.

तरीही आरंभ शाळेनेच करावा. विजेचे बिल, मध्यान्ह भोजनाच्या गॅस-टाक्या, आणि कोण कशाने शाळेत येतो याची यादी, एवढे साहित्य पहिल्या वर्षी पुरे. येत्या जूनमध्ये रोपे लावण्यापूर्वी दोन विद्यार्थ्यांनी मीटरचा आकडा वहीत उतरवून घ्यावा. त्याला दहा मिनिटेही लागणार नाहीत.