ठिबकचा जॉइनर ब्रेकला चालत नाही

मारुती ८०० बनायची २०१४ ला बंद झाली, पण आपल्या भागात अजून लई गाड्या पळत्यात. चिखल अन् खताच्या भुकटीनं खालच्या लोखंडी ब्रेकच्या नळ्या गंजतात. गळाली की तेवढाच तुकडा कापून जोड मारायचा, ही सवय वाईट. ठिबक किलोभर दाबावर चालतं, तिथं जॉइनर टिकतो. ब्रेक दाबला की नळीत त्याच्या कैक पट दाब येतो. मी परवा सगळ्या नळ्या बदलल्या, चाकाजवळचे रबरी पाईपसुद्धा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून सीलबंद डब्यातलंच भरा अन् चारी चाकांची हवा काढा. तुळजापूरच्या घाटात पेडल तळाला गेलं, तर वाचवलेले पैसे काय कामाचे? घरची माणसं त्याच गाडीत बसत्यात.