आयोवाची जुनी गर्दी

मुलींच्या बास्केटबॉलला प्रेक्षक आता कुठे लाभू लागले, असे अमेरिकी खेळाडू केटलिन क्लार्कच्या निमित्ताने गेली दोन-तीन वर्षे सर्रास बोलले जाते. क्लार्क ज्या आयोवा राज्याची, तिथल्या जुन्या माणसांपुढे मात्र हे बोलायची सोय नाही. मक्याची शेते, लांब लांब विखुरलेली छोटी गावे आणि गावोगावच्या शाळेत मुलींचा संघ, असे ते राज्य. शाळकरी मुलींची पहिली राज्य स्पर्धा तिथे १९२० साली झाली.

१९२५ मध्ये शालेय खेळांच्या संघटनेने ही स्पर्धा बंद करायचे ठरवले. चारचौघांत धावणे मुलींना शोभत नाही आणि प्रकृतीला मानवत नाही, अशी समजूत तेव्हा अमेरिकाभर होती. बऱ्याच राज्यांनी तिच्यापायी मुलींच्या स्पर्धा गुंडाळल्या. आयोवातल्या लहान गावांचे शिक्षक आणि मुख्याध्यापक मात्र हटून बसले, संघटनेतून फुटले आणि त्यांनी केवळ मुलींच्या खेळासाठी वेगळी संघटना काढली. पुढचे सगळे वैभव या फुटीतून आले, असे मला ठामपणे वाटते. मुलांचे भागले की उरेल ते मुलींना, हा हिशेबच तिथे चालला नाही. मुलींची स्पर्धा हाच त्या संघटनेचा प्राण होता.

खेळाचे नियम वेगळे होते. संघ सहा जणींचा. तिघींनी फक्त बास्केट करायचे, तिघींनी फक्त अडवायचे आणि मधली रेघ कुणीही ओलांडायची नाही. चेंडूचे टप्पेही दोनच. ते संपले की पास द्या, नाहीतर नेम धरा. मुलींना फार धाव झेपत नाही या अविश्वासातून आलेले हे बंधन. पण त्यातच त्यांची नेमबाजी कमालीची तयार झाली. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेने एव्हर्लीला जादा वेळेत ११३-१०७ असे हरवले. विजयी संघाच्या डेनिस लाँगचे ६४ गुण होते आणि हरलेल्या जीनेट ओल्सनचे ७६. दोन शाळकरी मुलींनी मिळून १४० गुण! डे मॉइनचे मोठे सभागृह अशा सामन्यांना खच्चून भरे.

पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने लाँगची निवड केली. लीगच्या आयुक्तांनी ती रद्द ठरवली. १९७८ मध्ये स्त्रियांची व्यावसायिक लीग उभी राहिली, तेव्हा आयोवाचा कॉर्नेट्स हा संघ तिच्यात उतरला आणि पहिल्या दोन्ही मोसमांत अंतिम फेरीपर्यंत गेला. १९८१ मध्ये ती लीगच बुडाली.

सहा जणींच्या खेळाचे गोडवे गाताना एक अन्याय झाकून चालणार नाही. अडवणाऱ्या तिघींना शाळेची सगळी वर्षे बास्केटवर चेंडू टाकायची संधीच नसे. महाविद्यालये पाच जणींचा खेळ खेळत. तिथे या मुलींना कोण विचारणार? प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, शाळांना पाच जणींच्या खेळाचा पर्याय मिळाला आणि १९९३ मध्ये जुना खेळ थांबला. तो थांबला हे योग्यच झाले. पण त्याच्याबरोबर सात दशकांची प्रेक्षकांची सवयही जणू कधी नव्हतीच, असे मानले गेले, ते मला मुळीच मान्य नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आयोवा विद्यापीठाच्या मुलींचा, म्हणजे क्लार्कच्या संघाचा, सामना फुटबॉलच्या मैदानावर झाला आणि ५५,६४६ लोक आले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरांत आजी-आई सहा जणींचा खेळ खेळल्या असणार.

विसरण्याचे हे काम नोंदवह्यांतही चालते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी क्लार्कने महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमधला कारकिर्दीतल्या एकूण गुणांचा अधिकृत विक्रम मोडला, तो केल्सी प्लमचा ३,५२७ गुणांचा. पण कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डने १९८१ पर्यंतच ३,६४९ गुण केले होते. तेव्हा महिलांच्या स्पर्धा महिलांची स्वतःची संघटना भरवत असे. पुरुषांच्या स्पर्धा चालवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने महिलांच्या स्पर्धा हाती घेतल्या त्या त्यानंतर, आणि आपल्या आधीचे गुण विक्रमांत धरले नाहीत. क्लार्कने तेरा दिवसांनी वुडर्डलाही मागे टाकले, तेव्हा कुठे वुडर्डचे नाव देशभर पुन्हा ऐकू आले.