कुकर आणि कूलंट

‘गाडीखाली डाग नाही, म्हणजे गळती नाही.’ हा माझा फंडा. त्यामुळे कूलंटची टाकी दर पंधरा दिवसांनी ‘मिनिमम’च्या खाली गेली, तरी मी बाटलीतलं पाणी ओतायचे आणि ऑफिस गाठायचे. नो टेन्शन!

मग मे महिन्यात आईला घेऊन मुंबईहून पुण्याला येत होते. खोपोली सोडली, बोरघाटाची चढण लागली आणि टेम्परेचरचा काटा लालकडे सरकला. एसी बंद करून हीटर फुल्ल लावला. त्याने इंजिनाची थोडी उष्णता आत खेचली जाते. मागून आई, ‘‘अगं, भाजून काढतेस का मला?’’

सेफ जागा बघून थांबले. बॉनेट उघडलं तर पाकासारखा गोडसर वास. रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच आई ओरडली, ‘‘शिट्टी व्हायच्या आत कुकर उघडतेस का कधी?’’ आईला गाडीतलं काही कळत नाही, पण हे शंभर टक्के बरोबर. आत कुकरसारखंच प्रेशर असतं, म्हणून तर कूलंट १०० डिग्रीलाही उकळत नाही. झाकण उघडलं असतं तर सगळं तोंडावर!

एका चकाचक सर्व्हिस सेंटरने गाडी न बघताच फोनवर सांगितलं, ‘रेडिएटर बदला.’ मी आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांनी गार इंजिनावर, झाकणाच्या जागी हातपंपासारखा टेस्टर लावला आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकं प्रेशर भरलं. काटा हळूहळू उतरायला लागला. म्हणजे गळती नक्की. पायाखालचं कार्पेट कोरडं, म्हणजे हीटर ठीक. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट वाचलं (इथे मी श्वास सोडला, कारण ते गेलं की पगार गेला). रेडिएटरही कोरडा. शेवटी टॉर्च मारला तर वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाशी वाळलेला हिरवा ओघळ.

‘‘मॅडम, आतलं सील गेलंय. गरम झाल्यावरच टपकतं आणि तिथंच वाळतं. पार्किंगमध्ये काय दिसणार?’’

वर नुसतं पाणी ओतल्याबद्दल बोलणी खाल्ली, ती वेगळी. त्याने कूलंट पातळ होतं, आतून गंजही चढतो. सांडलेलं कूलंटही त्यांनी लगेच धुवायला लावलं. गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि ते जहरी असतं.

पंप बदलला. आता रोज सकाळी, गार इंजिनावर, टाकी बघते. लेव्हल हललेली नाही. आई मात्र अजून मागच्या सीटवर बसायला तयार नाही.